शेवंताबाईच्या माशांच्या खोल्या

शेवंताबाईच्या खानावळीच्या मांडवात बसल्या बसल्या कुणाला मासा मिळत नाही. तुम्ही भंडाऱ्याचे साहेब असा, लाखनीचे ट्रकमालक असा, नाहीतर नागपूरहून गॉगल लावून आलेले पाहुणे असा. आधी चपला घट्ट करायच्या आणि मांडवामागची टेकडी चढायची. फार नाही, दीडशे पावलं. वर झऱ्याच्या वाहत्या पाण्यावर दगडांनी बांधलेले चार हौद आहेत, एकाखाली एक. त्यांत रोहू, कतला, मरळ फिरत असतात. आपला मासा आपण बोटाने दाखवायचा, मग तिचा नवरा डोमा तो हातजाळ्याने उचलणार, आणि मग कुठे चूल पेटणार. "ज्यानं मासा जिता पाह्यला नाई, त्याले मी वाढत नाई," असं शेवंताबाई तोंडावर सांगते. एकदा एक अधिकारी म्हणाले, माझे गुडघे दुखतात. बाईने त्यांना वरणभात वाढला, वर दोनदा तूप वाढलं, पण माशाचं कालवण काही वाढलं नाही.

त्या हौदांना ती हौद म्हणू देत नाही. "खोल्या म्हणा जी, खोल्या. तुमी नाई का गावाले गेले म्हंजे चांगली खोली मांगत? मासा बी मांगते." पहिली खोली रोहूची, दुसरी कतल्याची, तिसरी मरळीची. मरळ मोठी उडाणटप्पू, उडी मारून पळते, म्हणून तिच्या खोलीवर झाकण. चौथ्या खोलीत बोटुकली, माशांची लहान पिल्लं. एकेका खोलीची ती अशी ओळख करून देते की पाहुण्याला वाटावं, आपण लग्नघरी आलो आहोत.

गाव अड्याळपासून बरंच आत, टेकडीच्या पायथ्याशी. बेलटोला. दीडशे घरं, एक शाळा आणि एक बोडी. म्हणजे धानाला पाणी देणारा छोटा तलाव. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा पारावरची माणसं हळहळली होती, की मोठे तलाव गेले, मोठं जंगल गेलं, सगळं गोंदियावाल्यांच्या वाट्याला गेलं. शेवंताबाई तेव्हा तरणीताठी होती, डोक्यावर माशांचा टोपला घेऊन अड्याळच्या बाजाराला निघाली होती. चालता चालताच म्हणाली, "जाऊ द्या ना जी! आपली बोडी तं कोणी उचलून नाई नेली?" बाई पहिल्यापासून अशीच. नाकावर माशी बसू देणार नाही.

मांडव घातला तेव्हा मात्र तिचं नाक चांगलंच कापलं गेलं होतं. बोडीचा ताजा मासा, जवसाचं तेल, पाट्यावर वाटलेला लसूण, नव्या धानाचा भात. आणखी काय हवं माणसाला? पण शहरातले पाहुणे दुसऱ्या घासाला तोंड वाकडं करायचे. "बाई, चिखलाचा वास येतो हो." गावातल्या कुणाला तो वास कधी आलाच नव्हता, जन्मापासून तोच मासा खाल्लेला. शेवंताबाईला वाटलं, शहरातल्या लोकांची जीभच बिघडली आहे. आठ दिवस ती तणतणत होती. मग एकदा झऱ्याच्या डोहात पुरात अडकलेला एक रोहू डोमाने धरून आणला. तो रांधला, खाल्ला, आणि शेवंताबाई घास तोंडात तसाच ठेवून नवऱ्याकडे पाहत राहिली. हा मासा गोड होता. बोडीची काळी माती त्याच्या अंगातून धुऊन गेली होती. तेव्हा कळलं, बिघडलेली जीभ कोणाची होती ते. दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको कुदळ-फावडं घेऊन टेकडीवर. बोडीतला मासा चार दिवस झऱ्याच्या पाण्यात उपाशी ठेवायचा आणि मगच रांधायचा, ही रीत तिथून पडली. कुण्या साहेबाने शिकवली नाही, कुठल्या पुस्तकात वाचली नाही.

पण पाणी वाहतं ठेवायचं तर त्याला बाहेर जायला तोंड हवं, आणि पाण्याला तोंड ठेवलं की मासाही त्याच वाटेने जायचा. तोंडावर जाळं बांधलं तर पळसाची पानं अडकून ते तुंबायचं, पाणी काठावरून सांडायचं, आणि सकाळी बघावं तर मासे उतारावर पडलेले आणि बगळ्यांची दिवाळी. शेवंताबाई कपाळावर हात मारून घ्यायची. पिढ्यान्‌पिढ्या जाळं विणणारी ढिवराची जात, आणि चार हात पाणी अडवता येईना!

ते सोडवलं तिच्या सुनेने, आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते.

सून मोनिका भंडाऱ्याची. कोष्ट्यांच्या घरची, बापाची साड्यांची पेढी आणि मागच्या पडवीत अजून दोन हातमाग चालू. शेवंताबाईचा सूरज भंडाऱ्याला आयटीआयला होता, तिथे दोघांचं जमलं. ढिवराच्या घरी पोरगी द्यायला बाप तयार होईना, तेव्हा दोघांनी कोर्टात लग्न केलं. बापाचं नाव टिकाराम. त्याने निरोप धाडला, "माह्यासाठी ते मेली." शेवंताबाई तरी स्वतः गेली. डोमाला सोबत घेतलं, लुगडं नवं नेसली, एसटीने भंडाऱ्याला गेली आणि पेढीसमोर उभी राहिली. नोकर म्हणाला, मालक नाहीत. मालकाच्या चपला उंबऱ्याशी होत्या. त्या चपलांकडे पाहून शेवंताबाई माघारी फिरली आणि घरी येऊन सुनेला म्हणाली, "आता मी नाई जात. माह्या उंबरठ्यावर तोच येईन. आन् नाई आला, तं तुह्यात काई कमी आहे असं समजू नको."

चार वर्षं झाली. मोनिकाची आई दुपारी चोरून फोन करायची, बाप घरात असला की कापायची. मोनिका कधी रडली नाही, निदान कोणाच्या देखत नाही. पण पाहुण्यांच्या गाड्या आल्या की आधी गाडीकडे बघायची, मग कामाला लागायची. शेवंताबाईने ते पहिल्याच हिवाळ्यात ओळखलं होतं. पोरीला बाप हवा होता. बाकी सगळं तिला मिळालं होतं, तेवढंच मिळालं नव्हतं, आणि ते शेवंताबाईच्या हातात नव्हतं. हातात नसलेल्या गोष्टींचा शेवंताबाईला भारी राग येतो.

तर ती पाण्याची तोंडं. मागावर सुतं एकमेकांत गुंतू नयेत म्हणून एक फणी असते. बारीक काड्या शेजारीशेजारी ओळीत बांधलेल्या, प्रत्येक फटीतून एक एक सूत. टिकाराम जुन्या फण्या स्वतः घरी दुरुस्त करायचा, आणि लहानपणी मोनिका त्याच्या मांडीशी बसून काड्या हातात द्यायची. सासूचे हाल पाहून ती एके दिवशी बोलली, "माय, जाळं कायले बांधता? फणी बांधू ना." बांबूच्या पट्ट्या तासून तिने हातभर उंचीची फणी केली, पाण्याच्या तोंडात उभी बसवली. पाणी फटींतून गाळून निघे, पान अडकलं तर हाताने सरकून जाई, आणि बोटाएवढी बोटुकलीसुद्धा बाहेर पडत नसे. पहिल्या खेपेला सुती दोरा सहा महिन्यांत कुजला. मग शेवंताबाईने आपल्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा दिला. बांधणी सुनेच्या माहेरची, दोरा सासरचा. त्या दिवसापासून बगळे उपाशी आणि शेवंताबाईची मान ताठ. गावभर सांगत सुटली, "सरकारी इंजिनेराले नाई जमलं असतं, माह्या सुनेनं केलं!" सरकारी इंजिनिअरला कुणी विचारलंच नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

पौषातला रविवार होता. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलेलं, बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक निळं फुललेलं. भंडाऱ्याहून आठ जण येणार असा फोन होता. पितळेच्या भांड्यांचे दुकानदार यादोराव म्हणून कोणी होते. सकाळी वैनगंगेच्या पुलाकडे फिरायला जाणाऱ्या मंडळींची सहल काढली होती त्यांनी. दोन गाड्या आल्या. पहिलीतून यादोराव उतरले, पोट आधी, मग स्वतः. "बाई, नाव ऐकून आलो हो तुमचं! आज पोटभर खाऊ घाला!" दुसरीतून चौघे उतरले, आणि सगळ्यात शेवटी एक उंच, सडपातळ, पांढऱ्या शर्टातला माणूस. उतरून तो गाडीच्या दाराला धरून उभाच राहिला.

मोनिका पाट्याशी लसूण वाटत होती. तिचा वरवंटा थांबला.

"काय झालं वो?" शेवंताबाईने विचारलं.

"माय, ते बाबा होत माहे."

शेवंताबाईने वळून पाहिलं. तो माणूस दुसरीकडे बघत होता, बोडीकडे, टेकडीकडे, लाखोरीकडे, कुठेही. पाट्याकडे तेवढं नाही. म्हणजे त्याने पाहिलं होतं. गाडी अड्याळवरून आत वळली तेव्हाच त्याला गाव कळलं असणार. पण थांबवा म्हणणार कोणत्या तोंडाने? थोड्याच वेळात ते तोंडही दिसलं. शेवंताबाई पाणी द्यायला गेली तेव्हा यादोराव बोलतच होते, "टिकारामभाऊ, तुमची पोरगी अन् जावईबी आणले असते! नागपूरहून किती दूर आहे? इंजिनेर माणूस, गाडी तं असंनच." टिकाराम म्हणाला, "त्याइले सुटी नसते." आणि पाण्याच्या गडव्याला हात न लावता रुमालाने तोंड पुसलं.

तर असं होतं. भंडाऱ्यात मेलेली पोरगी नागपुरात इंजिनिअरच्या घरी नांदत होती. शेवंताबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आयटीआय शिकलेला, मोटार दुरुस्त करणारा, झऱ्याची नाली बांधणारा तिचा सूरज या माणसाने पुसून टाकला होता, आणि त्याच्या जागी एक इंजिनिअर आणून ठेवला होता. ती चुलीशी आली. सूरज लाकडं फोडत होता, त्याचं तोंड उतरलं होतं. मोनिका परत वाटायला लागली होती, लसणाचं पार पाणी झालं तरी वाटत होती.

"माय, काई बोलू नका," ती म्हणाली. "जेवतीन आन् जातीन. बस."

"मी कायले बोलू? गिऱ्हाईक आहे तो. गिऱ्हाईकाले नेम सारखा."

डोमा बाकीच्या सात जणांना घेऊन वर गेला होता. टिकाराम एकटाच मांडवात बसून राहिला. शेवंताबाईने पदर खोचला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चला जी, वर."

"मले भूक नाई."

"भूक नसंन तं नका जेवू. पण वर या. माह्या मांडवात बसलेला माणूस वर गेल्याशिवाय राहत नाई. येथं आले, आता ताकाले येऊन भांडं काहून लपवता?"

टिकारामने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. ओळख दोघांच्याही डोळ्यांत होती आणि दोघांनीही तोंडावर आणली नाही. तो उठला. दीडशे पावलं ती पुढे आणि तो मागे. निम्म्यावर तो दम घ्यायला थांबला तेव्हा तीही थांबली. वळून मात्र पाहिलं नाही.

वर यादोराव पाण्यात बोट घालून ओरडत होते, "हा! हा मोठा! अरे गेला, गेला! डोमाजी, तो लालसर पराचा!" मंडळी पोरांसारखी हसत होती. डोमाने अडीच-तीन किलोचा रोहू उचलला, त्याने शेपटीचा असा फटका मारला की यादोरावांचा चष्मा ओला. एका गृहस्थाने मरळ मागितली, दुसऱ्याने कतला. मासे घेऊन मंडळी उतरायला लागली. टिकाराम पहिल्या खोलीच्या काठाशी उभा होता. त्याचं लक्ष माशांकडे नव्हतं.

तो पाण्याच्या तोंडाकडे बघत होता. बघता बघता गुडघ्यावर बसला. पांढरी पँट चिखलात टेकली त्याचं भान नाही. हात पाण्यात घालून त्याने बोटं फणीच्या काड्यांवरून फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जशी बाई दळून आणलेल्या पिठावरून हात फिरवते. एके ठिकाणी बोट थांबलं. दोन काड्यांमधली बांधणी थोडी सैल झाली होती. त्याने नखाने दोरा उचलला, ओढला, फिरवला, आवळला. शेवंताबाई उभ्या उभ्या पाहत होती. या हातांना कुणी सांगितलं नव्हतं, हात आपले आपणच चालले होते.

"दोन वेढे आन् एक उलटा," तो पुटपुटला. "आमच्या घरची बांधणी होय हे." मग बोट एका जागी दाबून म्हणाला, "पण हा तिसरा वेढा कायचा? तिसरा वेढा आमी नाई घेत."

"तुमी सुतानं बांधता जी," शेवंताबाई म्हणाली. "हा नायलॉन आहे, आमच्या जाळ्याचा. वला झाला का घसरते. दोन वेढ्यांत गाठ राहत नवती. तीन दिवस पाण्यात पाय घालून बसली ते. बांधे आन् सोडे, बांधे आन् सोडे. मी म्हणलं, राहू दे वो माय, सर्दी होईन. तं म्हणते, बाबा असते तं सोडलं नसतं. चौथ्या दिवशी हा वेढा काढला तिनं. तीन वर्षं झाली, एक काडी हालली नाई."

 खाली मान घालून टिकारामने दुसऱ्या खोलीची फणी पाहिली, मग तिसरीची, मग चौथीची. चारही ठिकाणी बसला, चारही ठिकाणी हात फिरवला. चौथ्या खोलीच्या काड्या सगळ्यात बारीक होत्या, बोटुकलींसाठी. तिथे तो खूप वेळ राहिला. शेवंताबाईला वाटलं, या माणसाचे डोळे भरले आहेत. पण तिने तोंड फिरवलं, कारण अशा वेळी माणसाकडे बघू नये. एवढं मात्र तिला कळलं, की चुलीपासून इथवर आणलेला राग आता तिच्याकडे पुरता उरला नव्हता.

खाली उतरताना तो एकच वाक्य बोलला. "फण्या बांधणारं भंडाऱ्यात आता कोणी राह्यलं नाई. लोखंडाच्या घेतो आमी, तयार."

चूल पेटली. कालवण उकळायला लागलं, तळलेल्या तुकड्यांचा वास बोडीच्या बांधापर्यंत गेला. मांडवात ताटं मांडली. यादोराव म्हणाले, "बाई, एवढं चांगलं जेवण आन् स्टीलची ताटं? पुढल्या खेपेले मी पितळेची धाडतो!" आणि स्वतःच मोठ्याने हसले. इकडे शेवंताबाई चुलीशी बसून मोठ्या रोहूची मुंडी वेगळी काढत होती.

हे कोणाला ठाऊक नसेल म्हणून सांगायचं. तिच्या घरी मुंडी गिऱ्हाइकाला जात नाही. गिऱ्हाइकाला तुकडे. मुंडी घरच्या वडीलधाऱ्याची, जावयाची, नाहीतर इवायाची. इवाई म्हणजे व्याही. सोयरीक झाली की पहिल्या जेवणाला रोहूची मुंडी व्याह्याच्या ताटात वाढायची. त्याने खाल्ली तर सोयरीक मान्य. ताटाबाहेर सारली तर संपलं. मग पुन्हा त्या घरात कोणी कोणाचं नाव काढत नाही. शेवंताबाईच्या बापाच्या वेळी एकाने सारली होती, त्याच्या नातवंडांचीसुद्धा अजून बोलचाल नाही.

मोनिकाला ते माहीत होतं. सूरजने सांगितलेलं होतं. ती सासूच्या हातातल्या मुंडीकडे बघून घाबरली.

"नका ना, माय. येवढ्या लोकाइसमोर सारली तं? आता निदान काई बोलले नाईत. सारली तं सारं संपनच."

"ते खरं आहे," शेवंताबाई म्हणाली. "सारू बी शकते. मी वर पाह्यलं ते तुले सांगितलं, बाकी त्याच्या मनात काय आहे, मले नाई मालूम." तिने मुंडी वाटीत ठेवली आणि वाटी सुनेसमोर सरकवली. "बाप तुहा आहे. माह्यासाठी तं तो चार वर्षं नवताच, पुढं नसला तरी माही भाकर गोडच लागंन. तू सांग. वाढू का नको?"

सूरज कुऱ्हाड टेकवून उभा होता. डोमा दाराशी. चुलीत लाकूड तडतडत होतं. मोनिकाने डोक्यावरचा पदर नीट केला, पाट्याचे हात धुतले, लुगड्याला पुसले.

"वाढा," ती म्हणाली. "पण मी वाढीन."

अशी पोर आहे ती! शेवंताबाईला त्या क्षणी वाटलं, हिच्या बापाने हिला सोडलं तर नुकसान त्याचं. उभ्या भंडाऱ्यात अशी दुसरी दाखवा. छाती भरून आली तिची. आणि त्याच छातीत धडधडतही होतं, ते कशाला लपवा.

मोनिका मांडवात गेली. ओळीने भात वाढत गेली, कालवण वाढत गेली, प्रत्येकाला दोन दोन तुकडे. यादोरावांनी तिसरा मागितला, दिला. शेवटच्या ताटाशी ती आली. टिकारामने मान वर केली नाही. तिने भात वाढला. कालवण वाढलं. मग वाटीतली मुंडी दोन्ही हातांनी त्याच्या ताटात ठेवली आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

"वा!" यादोराव म्हणाले. "मुंडी टिकारामभाऊले काहून? मासा तं मी निवडला!"

 टिकाराम ताटाकडे पाहत होता. वैनगंगेकाठचा माणूस; ढिवरांची ही रीत त्यालाही ऐकून माहीत असणारच, कारण त्याचा हात भातावर गेला नाही. शेवंताबाई मांडवाच्या खांबाला धरून उभी. तिला वाटलं, आता सारतो. आता सारतो. चुलीवरची कढई करपत होती तरी तिने तिकडे पाहिलं नाही.

टिकारामने ताट उचललं. दोन्ही हातांनी, कालवण सांडू न देता, आणि तसाच उठून उभा राहिला. मोनिकाने डोळे मिटून घेतले.

"यादोरावजी," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेला. "मी तुमाले खोटं सांगतलं. माही पोरगी नागपूरले नाई. हे येथं उभी आहे, हेच ते. जावई इंजिनेर नाई, तो तेथं लाकडं फोडून राह्यला. आन् वर पाण्यात तुमी मासे पाह्यले ना? त्या पाण्याले ज्या फण्या लावल्या आहेत, त्या हिनं बांधल्या. मले बी अशा येत नाईत." एवढं बोलून त्याने हातातलं ताट सावरलं. "मले बी येत नाईत," तो पुन्हा म्हणाला, जसं काही पहिल्यांदा कोणाला पटलं नसेल.

यादोरावांचा घास हातातच राहिला.  टिकाराम ताट धरून शेवंताबाईकडे वळला.

"आन् तुमी विहीणबाई, मोठ्या नेमाच्या ना? इवायाले मांडवात बसवून जेवू घालता, हा कोणता नेम? घर कोणतं तुमचं?"

  शेवंताबाईने नुसता हात करून दाखवलं, तिकडे, कवेलूंच्या छपराचं, निळ्या दाराचं. डोमाने धावत जाऊन दार पुरतं उघडलं. सूरजने कुऱ्हाड टाकली, घाम पुसला, आणि काय करावं न सुचून वाटेतला लाकडाचा ढीग बाजूला सारू लागला.

टिकाराम ताट सांभाळत निघाला. नजर कालवणावर, पाऊल अंदाजाने. मोनिका त्याच्या बाजूने चालत होती, हाताला हात न लावता, पण इतक्या जवळून की ताट कललं असतं तर तिनेच धरलं असतं. उंबरठ्याशी तो थांबला.

"पायरी उंच आहे, बाबा," ती म्हणाली. "सांभाळून टाका पाय."